सिझरचं बाळ, गॉझचा बोळा आणि पहिला तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलं बाळंतपण, ३६वा आठवडा, बाळ पायाळू. डॉक्टरांनी सिझर ठरवलंय आणि सासूबाईंनी भटजींना विचारून ३८व्या आठवड्यातला दिवस काढलाय. पुण्याच्या नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की सिझरच्या बाळाला आईचे जिवाणू मिळत नाहीत, म्हणून पुढे दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा मागे लागतो. उपाय म्हणून आईच्या योनिमार्गात गॉझ, म्हणजे जाळीदार सुती कापड, ठेवायचं आणि बाळ जन्मल्यावर ते त्याच्या तोंडावरून, अंगावरून फिरवायचं. तुमच्या डॉक्टरांनी ‘असलं काही करू नका’ म्हणून विषय मिटवला. आता तुम्ही विचारताय की डिचोलीला घरी आल्यावर आपलं आपणच केलं तर चालेल का, आणि नसेल चालत तर कुठलं प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंचं औषध, द्यावं.

मी फोंड्यात लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि त्यातही बराचसा वेळ नवजात बाळांतच जातो. हा प्रश्न हल्ली मला ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारला जातो, बहुतेकदा सासूबाई बाहेर गेल्यावर, हळू आवाजात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली होती. गोव्यात हाच आकडा ३९.५ टक्के होता. म्हणजे आपल्याकडे दहातल्या चार घरांना हा विषय लागू पडतो.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. गॉझ नको. घरी तर अजिबात नको. प्रोबायोटिक बहुधा लागणार नाही. पण तुमच्या मनातली मूळ शंका, म्हणजे सिझरमुळे बाळाच्या पोटातल्या जिवाणूंत फरक पडतो का, ही खरी आहे आणि ती झटकून टाकावी असं मला वाटत नाही. फरक पडतो. फक्त तो भरून काढायची जागा व्हिडिओत दाखवली तिथे नाही.

ही कल्पना आली कुठून ते बघू. २०१० साली मारिया ग्लोरिया डोमिंगेझ-बेलो या संशोधिकेनं व्हेनेझुएलात ९ आया आणि त्यांची १० बाळं तपासली. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांच्या अंगावर, तोंडात आईच्या योनिमार्गातले जिवाणू सापडले, लॅक्टोबॅसिलस वगैरे. सिझरच्या बाळांवर मात्र त्वचेवर राहणारे जिवाणू जास्त होते. निष्कर्ष सरळ होता, चटकन पटण्याजोगा होता. २०१६ साली त्याच गटानं पुढचं पाऊल टाकलं. सिझरच्या आधी सुमारे तासभर आईच्या योनिमार्गात सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ ठेवलं, शस्त्रक्रियेपूर्वी काढून घेतलं आणि बाळ बाहेर आल्यावर काही क्षणांतच आधी ओठांवरून, मग चेहऱ्यावरून, मग अंगावरून फिरवलं. त्या बाळांचे जिवाणू पहिल्या महिन्यात नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांच्या काही अंशी जवळ गेले. बातम्या जगभर झाल्या. पण अभ्यासात एकूण बाळं होती १८, आणि गॉझ फिरवलेली फक्त ४. त्या चौघांच्या आयाही निवडून घेतलेल्या होत्या: जंतुसंसर्गाच्या तपासण्या झालेल्या, योनिमार्गाची आम्लता मोजलेली. व्हिडिओत हा भाग सहसा गाळलेला असतो.

त्यानंतर गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. २०१९ साली इंग्लंडमध्ये जवळजवळ ६०० पूर्ण दिवसांच्या बाळांच्या शीचे नमुने तपासले गेले. सिझरच्या बाळांत फरक ठळक होता: बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू जवळपास नव्हतेच आणि त्यांच्या जागी एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला असे इस्पितळात वावरणारे जिवाणू जास्त होते. पण नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांना आईकडून जे मिळालं होतं आणि जे टिकलं होतं, ते योनिमार्गातलं नव्हतं. ते आईच्या आतड्यातलं होतं. विचार केला तर यात नवल नाही. प्रसूतीच्या वेळी बाळाचं डोकं खाली येतं तेव्हा आईला शीही होते, लेबर रूममध्ये हे रोजचं आहे. बाळाचा चेहरा त्याच जागेजवळून बाहेर पडतो. योनिमार्गातल्या लॅक्टोबॅसिलसना बाळाच्या आतड्यात फार काळ राहायला आवडत नाही. आतड्यातल्या जिवाणूंना आवडतं.

म्हणजे गॉझची कल्पना मुळातच चुकीच्या जागेवरून नमुना घेते. न्यूझीलंडमध्ये आईच्या योनिमार्गातले स्राव बाळाला तोंडावाटे देऊन पाहिले, तर पोटातल्या जिवाणूंत फरक दिसला नाही. चीनमध्ये २०२३ साली ६८ बाळांच्या चाचणीत गॉझ फिरवलेल्या बाळांचे विकासाचे गुण सहा महिन्यांला थोडे बरे आले. पण ते गुण पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून आलेले आणि बाळं मोजकीच. तो अभ्यास मी बाजूला टाकत नाही, पण त्याच्या जोरावर कुणाच्या बाळाला हात लावणार नाही.

मग कुणीतरी म्हणणारच, आतड्यातलेच जिवाणू हवेत तर तेच द्या. दिले आहेत. हेलसिंकीत २०२० साली आईच्या शीचा अगदी पातळ केलेला अंश दुधात मिसळून बाळाला पहिल्या पाजण्याबरोबर दिला. बाळांचे जिवाणू खरोखरच नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांसारखे झाले. हे वाचून तुमचं तोंड वाकडं झालं असेल, होऊ दे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे: १७ आया पुढे आल्या, कसून तपासण्या केल्यावर त्यातल्या ७ जणींनाच घेतलं. आणि हे फिनलंडमधलं. आपल्याकडे धडधाकट माणसाच्या आतड्यातही अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू सर्रास सापडतात. म्हणून हे घरी करण्याचा विचारही मनात आणू नका. नणंदेचा पुढचा व्हिडिओ त्यावर असू शकतो म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता धोका. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलसबरोबर इतरही मंडळी राहतात. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा त्यातला एक: बाईला काहीही त्रास नसतो, बाळाला मात्र जन्मल्यावर एक-दोन दिवसांत रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर होऊ शकतो. आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईची त्यासाठी तपासणी होत नाही, त्यामुळे ‘माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणजे हाही नॉर्मल असं समजू नका, बहुतेक तो केलेलाच नसतो. नागीण जातीचा हर्पीसचा विषाणू अंगावर एकही फोड नसताना स्रावात असू शकतो आणि नवजात बाळाला तो जिवावर बेतेल असा होतो. क्लॅमिडिया, गोनोरिया हे लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार बाळाच्या डोळ्यांवर जातात. नैसर्गिक प्रसूतीत हा धोका असतोच ना, असं तुम्ही म्हणाल. असतो, पण तिथे तो टाळता येत नाही आणि डॉक्टर त्यासाठी डोळ्यांत तेल घालून असतात. कळा न येता, पाणी न फुटता झालेल्या सिझरच्या बाळाला असा संसर्ग होण्याची शक्यता इतकी कमी असते की ते बाळ सुस्त झालं तर माझा पहिला संशय तिकडे जाणारही नाही. म्हणून ज्यांनी गुपचूप असं काही केलं असेल त्यांना एवढंच सांगणं: बाळाच्या डॉक्टरांना ते लगेच सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे. २०१७ पासून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही हीच आहे की परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर हा प्रकार करू नये. तुमच्या डॉक्टरांचं उत्तर तुटक होतं, पण बरोबर होतं.

दमा आणि लठ्ठपणाबद्दल दोन शब्द, कारण भीती तिथूनच आली आहे. सिझरच्या मुलांत दम्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी जास्त दिसतं हे खरं. पण हे ‘२० टक्के’ नीट वाचायला हवेत. समजा एरवी १०० मुलांत १० जणांना दमा होत असेल, तर तो १२ जणांना होतो, असा त्याचा अर्थ. उरलेल्या ८८ जणांना काही होत नाही. शिवाय त्या जादा दोघांचं खापर पूर्ण सिझरवर फोडता येत नाही. ज्यांचं सिझर होतं त्या आयांचं वय, वजन, मधुमेह, बाळाला मिळालेली अँटिबायोटिक्स, अंगावरचं दूध उशिरा सुरू होणं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्याच इंग्लंडच्या अभ्यासात बाळं सहा ते नऊ महिन्यांची झाली तोवर जिवाणूंमधले बरेचसे फरक पुसट झाले होते, बॅक्टेरॉइड्सचा सोडून. तेव्हा सिझर झालं म्हणजे बाळाचं कायमचं नुकसान केलं, ही टोचणी मनात ठेवू नका. पायाळू बाळासाठी सिझर बहुतेक वेळा बाळाच्याच भल्यासाठी असतं.

हे सगळं वगळून आता तुमच्या हातात काय आहे याकडे येऊ, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

पहिलं, सिझर ठरलं म्हणजे ठरलंच असं आहे का? ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास पायाळू बाळ बाहेरून पोटावर हातानं दाब देऊन फिरवता येतं. सोनोग्राफी, बाळाचे ठोके आणि ऑपरेशन थिएटर हाताशी ठेवून अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ हे करतात आणि साधारण निम्म्या वेळा बाळ फिरतं. वार खाली असेल, गर्भजल कमी असेल, जुळी असतील, तर करत नाहीत. तुमच्या बाबतीत जमेल की नाही ते तुमचे डॉक्टरच सांगू शकतील; त्यांना हे करण्याचा सराव नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, विचारता येईल. फक्त ‘अमक्या वाड्यावरची वयजीण (सुईण) पोट चोळून बाळ फिरवते’ या वाटेला जाऊ नका. वार सुटली तर अर्ध्या तासात दोन्ही जीव धोक्यात येतात.

दुसरं, तारीख. मुहूर्तावर माझा राग नाही, घरोघरी असतो आणि दिवस चांगला निघाला की आईचंही मन शांत राहतं. पण वैद्यकीय घाई नसेल तर ठरवून केलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करावं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला लागतं. ३७-३८ व्या आठवड्यात कळांशिवाय काढलेलं बाळ धापा टाकत येण्याची शक्यता जास्त. मग काय होतं ते मी नेहमी बघते. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आई दुसऱ्या मजल्यावर. रक्त तपासलं, सीआरपी (जंतुसंसर्गाचा संशय दाखवणारी तपासणी) थोडं वाढलेलं, अँटिबायोटिक सुरू. आई येईपर्यंत वरचं दूध सुरू. तिसऱ्या दिवशी बाळ बरं होऊन आईकडे येतं, पण तोवर त्याच्या पोटात इस्पितळातल्या जिवाणूंनी बस्तान बसवलेलं असतं, आणि बाटलीची सवय लागून ते छातीला तोंड लावायला तयार नसतं. नणंदेला ज्या गोष्टीची भीती वाटते ती बऱ्याचदा इथे घडते, आणि ती एका आठवड्याच्या फरकानं टळू शकते. भटजींना सांगा, ३९ च्या पुढचा दिवस काढून द्या. काढतात. त्याआधीच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर अर्थातच मुहूर्त बाजूला ठेवून लगेच निघायचं.

ऑपरेशनच्या आधी तुम्हाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतील. ते वारेतून बाळापर्यंतही जातं, म्हणून काही जणी ते नको म्हणतात. नको म्हणू नका. जखमेत पू होणं, ताप येणं हे त्यानं टळतं, आणि तापानं फणफणलेली आई बाळाला पाजणार कशी?

मग येतो पहिला तास. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर तुम्ही जाग्या असता, हात मोकळे असतात. बाळ रडलं, श्वास नीट घेतोय असं दिसलं की त्याला पुसून तुमच्या उघड्या छातीवर ठेवता येतं, टाके घालणं चालू असतानाच. प्रत्यक्षात ते कसं असतं ते सांगते, म्हणजे आधीच डोळ्यांसमोर येईल. पोटाकडच्या बाजूला हिरवा पडदा असतो, त्यामुळे बाळाला उभं ठेवायला जागा नसते. त्याला गळ्याखाली आडवं ठेवायचं, पाय तुमच्या काखेच्या दिशेनं. गाऊनच्या नाड्या पुढून सुटतील असा आधीच घालून घ्यायचा, आत गेल्यावर तो सोडवत बसायला कुणाला वेळ नसतो. एका हाताला सलाइन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, म्हणून बाळाला धरायला कुणीतरी सिस्टर किंवा भूलतज्ज्ञ शेजारी हवेच. थिएटरचा एसी गार असतो. बाळाच्या डोक्यावर टोपी आणि पाठीवर गरम केलेलं कोरडं कापड हवं, ओलं झालेलं कापड लगेच काढून टाकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाळाचा चेहरा दिसत राहिला पाहिजे, नाक मोकळं, मान सरळ. भुलेची गुंगी आणि थकवा यांत आईचा डोळा लागतो, म्हणून पहारा दुसऱ्यानं द्यायचा. पूर्ण भूल दिली असेल, किंवा तुम्हाला मळमळत असेल, थंडी वाजून अंग हुडहुडत असेल, तर बाबानं शर्ट काढून बाळाला छातीशी घ्यायचं. त्याच्याही त्वचेवरचे जिवाणू घरचेच आहेत. बाळाला श्वासाला मदत लागत असेल तर मात्र आधी वॉर्मर (बाळाला ऊब देणारं टेबल), बाकी सगळं नंतर. त्यावर वाद घालू नये.

आमच्याकडे हे सगळीकडे होत नाही, हे कबूल करायला हवं. काही ठिकाणी बाळ दुपट्यात गुंडाळून, आईला गालाशी लावून, फोटो काढून खाली नेलं जातं आणि आई चार तासांनी वॉर्डात येते. कुणाचा दुष्टावा नसतो, सिस्टर कमी असतात. पण आधी सांगून ठेवलं तर पुष्कळदा जमवतात. टेबलावर पडल्यावर मागितलं तर नाही जमत.

मग दूध. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. आईच्या दुधात २०० हून जास्त प्रकारच्या अशा शर्करा सापडल्या आहेत की ज्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. त्या बाळासाठी नसतातच, त्या त्याच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात. दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यांचाच क्रमांक लागतो. विरजण कितीही उत्तम असलं तरी ते पाण्यात घालून दही लागत नाही. बाळाच्या पोटात कुठूनही चांगले जिवाणू आणले तरी त्यांना हे अन्न नसेल तर ते टिकत नाहीत. शिवाय दुधातून जिवाणूही जातात. नेदरलँड्समध्ये १२० आई-बाळांच्या जोड्यांचा अभ्यास २०२३ साली आला. बाळाच्या अंगावरचे, नाकातले, पोटातले मिळून निम्म्याहून जास्त जिवाणू आईकडूनच आलेले होते, प्रसूती कशीही झालेली असो. सिझरच्या बाळांना आईच्या आतड्यातले कमी मिळाले होते, पण दुधावाटे मिळालेले जास्त होते. एक वाट बंद झाली की दुसरी रुंद होते, असं ते चित्र आहे. मला तो अभ्यास वाचून बरं वाटलं, कारण ती दुसरी वाट उघडी ठेवणं आपल्या हातात आहे.

सिझरनंतर दूध उतरायला दिवसभर उशीर होतो, तिसरा-चौथा दिवस उजाडतो. तोवर येतो तो चीक: पिवळा, घट्ट, थेंब थेंब. घरातले तो बघून म्हणतात, ‘एवढ्यानं काय होतंय, बाळ भुकेलंय, डबा आणा.’ पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी २ ते १० मिलिलिटर पुरतं. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. बाळ ओढत नसेल तर हातानं काढा. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाच्या बोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे आत दाबायचं आणि मग बोटं एकमेकींकडे आणायची, कातडीवरून घासत न्यायची नाहीत. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही आणि इथेच सगळ्या जणी हार मानतात. थांबा, मग एक थेंब दिसतो. तो उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत धरा आणि चमच्यानं बाळाच्या खालच्या ओठावर टेकवा, ते स्वतः चाटून घेतं. बाटली नको, बोंडलं नको. बाळ एनआयसीयूत असेल तरीही पहिल्या काही तासांतच काढायला सुरुवात करा आणि रात्रीसुद्धा दर तीन तासांनी काढत राहा. बाळ पीत नसलं तरी सिस्टर तो चीक त्याच्या गालांच्या आतून लावू शकतात.

पुरतंय की नाही ते लघवीवरून बघा: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. सिझरमध्ये आईला सलाइन बरंच लागतं, त्यामुळे जन्माचं वजन थोडं फुगीर येतं आणि नंतरची घट जास्त वाटते. वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरायला लागलं, बाळ सुस्त झालं, कावीळ वाढली, साखर कमी आली, तर वरचं दूध औषधासारखं द्यावं लागतं आणि मीही देते. तेव्हा आईनं स्वतःला बोल लावू नये. पण ‘बाळ रडतंय’ एवढ्या कारणावर डबा उघडू नये.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर, त्यातला सगळ्यात वजनदार अभ्यास आपल्याच देशातला आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक विशिष्ट जात आणि तिचं खाद्य मिळून दिलं, तर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तो निकाल २०१७ साली छापून आला. मग सगळ्यांना का देत नाही? कारण फायदा त्या जातीचा, त्या मात्रेचा आहे, आणि औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब बहुतेक वेगळ्याच जातींचे असतात. काहींत तर जिवाणू नसून यीस्ट असतं. शिवाय त्या अभ्यासाचा प्रश्न जंतुसंसर्गाचा होता, सिझरचा नव्हता. पूर्ण दिवसांचं, अंगावर पिणारं, ठणठणीत बाळ असेल तर मी काही लिहून देत नाही. कमी दिवसांचं बाळ असेल तर घरच्यांनी मनानं अजिबात देऊ नये: अशा बाळांत प्रोबायोटिकमधलाच जिवाणू रक्तात शिरल्याचं आढळलंय आणि २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल इशारा दिला होता.

घरी आल्यावरच्या गोष्टी भराभर सांगते. पहिली आंघोळ किमान २४ तासांनी. अंगावरचा पांढरा लोण्यासारखा थर घासून काढायचा नसतो. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल नको, पाजण्याआधी छाती साबणानं धुणं नको. न्हाऊ घालायला वयजीण येणार असेल तर खुशाल येऊ दे, खोबरेल चोळू दे, फक्त नाका-कानांत तेल घालणं आणि स्तन पिळणं बंद. मध चाटवू नका, वर्षभर. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. घुटी, साखरपाणी, गुळाचं पाणी सहा महिने नको. बाळाला अँटिबायोटिक लागलं तर द्या, पण कल्चर रिपोर्ट (रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी) आला का, कधी बंद करणार, एवढं विचारा. सहा महिन्यांनी नाचणी, उकड्या तांदळाची मऊ पेज, मूग, मऊ मासळी सुरू झाली की जिवाणूंची गर्दी आपोआप वाढते. तोवर बाळाला घरातल्या सगळ्यांनी कडेवर घ्यावं, हात धुऊन. सर्दी-खोकला असलेल्यांनी आणि ओठांवर फोड (जर) आलेल्यांनी मात्र लांबून बघावं आणि पापे घेऊ नयेत.

पुढच्या तपासणीला गॉझचा विषय काढू नका, वेळ त्यातच जाईल. त्याऐवजी विचारा: बाळ बाहेरून फिरवून बघता येईल का? ३९ आठवडे थांबण्यात काही धोका आहे का? भूल कुठली देणार? बाळ ठीक असेल तर थिएटरमध्येच छातीवर द्याल का, नाही तर किती वेळात देणार? वरचं दूध सुरू करण्यापूर्वी आम्हाला सांगाल का? नवऱ्याला बरोबर न्या. तुम्ही टेबलावर असताना सिस्टर बाहेर येऊन ‘बाळाला पावडरचं दूध द्यायचं का’ असं विचारतील ते त्याला, आणि तिथे शेजारी सासूबाई असतील. काय उत्तर द्यायचं ते त्याला आधीच ठाऊक हवं.